एका ग्रंथीचे दोन वकील

६ जून

मेहुणीबाईंस भावोजीचे आशीर्वाद.

तुझ्या डब्यावर जेवढे आशीर्वाद छापलेत त्यापुढे माझा एक म्हणजे अगदीच किरकोळ, तरी ठेवून घे.

हे पत्र का, ते आधी सांगतो. परवा आपण दोघं फोनवर पाऊण तास जे काही बोललो, त्यानंतर तुझ्या ताईने हुकूम काढला: "यापुढे तुम्हा दोघांना भांडायचं असेल तर कागदावर भांडा. कागदाचा निदान शेजाऱ्यांना त्रास नाही." मला आनंदाने मान्य आहे. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदावर तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

तू पाठवलेला 'सर्वतेज' पावडरीचा डबा पोहोचला. भिंग घेऊन वाचला. पुढच्या बाजूला बोटभर अक्षरांत लिहिलंय: गुडघे, झोप, पचन, स्मरणशक्ती, त्वचा आणि आत्मविश्वास. मागच्या बाजूला, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरांत: 'हे उत्पादन कोणताही आजार बरा करण्यासाठी नाही.' म्हणजे पुढची बाजू विकणाऱ्याने लिहिली आणि मागची त्याच्या वकिलाने. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. उद्या दुकानावर पाटी लावली की 'येथे फ्रिज, गुडघे व आत्मविश्वास दुरुस्त होतात', आणि पाटीच्या मागे लिहिलं 'येथे काहीही दुरुस्त होत नाही', तर गिऱ्हाईक मला चोपेल. तुम्हाला मात्र हारतुरे.

आता खरी बातमी. ताईच्या शिवणकारखान्यात सगळ्यांची रक्ततपासणी झाली. कटिंग मास्तर म्हणून तिचा नंबर पहिला. रिपोर्ट आला: गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी भलतीच जोरात धावते आहे. लगेच मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ग्रंथीचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. ताई म्हणते, "मला काहीच होत नाहीये." रिपोर्ट म्हणतो, होतंय. मी रिपोर्टच्या बाजूने आहे. रिपोर्ट तुमच्या माहेरचा नाही.

डॉक्टर व्यवस्थित माणूस. जाताना त्यांनी तिला विचारलं, "याशिवाय अजून काही घेता का? कसली पावडर, गोळ्या, काढे?" मी शेजारीच बसलो होतो. मी ठणकावून सांगितलं, "डॉक्टर, आमच्या घरात असले थेर चालत नाहीत." ताई काहीतरी बोलायला गेली, पण तोवर मुद्दा संपला होता.

तुझा डबा शिल्लक आहे. कशासाठी वापरू ते कळव.

तुझा भावोजी


१५ जून

भावोजी, नमस्कार.

पाच पानं, समास आखून! एवढ्या वेळात दोन फ्रिज झाले असते. पण गिऱ्हाईक थांबलं तरी चालेल, मेहुणीला टोमणा वेळेवर पोहोचला पाहिजे.

माझ्या डब्यावर दोन बाजूंना दोन गोष्टी लिहिल्यात म्हणता. तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर काय काय आहे, ते कधी भिंग घेऊन वाचलंत? पेन औषध कंपनीचं, कॅलेंडर औषध कंपनीचं, पेपरवेटसुद्धा यकृताच्या आकाराचा. मी माल विकते हे मी उघड सांगते. ते विकतात तेव्हा त्याला 'सल्ला' म्हणतात आणि चार मिनिटांत बाहेर काढतात.

मी वर्षानुवर्षं शाळेच्या कार्यालयात दुसऱ्यांच्या मुलांचे दाखले लिहिले. कुणी टाळी वाजवली नाही. आता आमच्या मेळाव्यात माझं नाव पुकारलं की तीनशे माणसं उभी राहतात. 'रौप्य सल्लागार' म्हणतात मला. तुम्हाला हसू येईल, हसा खुशाल. तुमच्यासाठी उभं राहतं ते फक्त फ्रिजचं दार.

आणि तुमच्या पुस्तकी वैद्यकाबद्दल बोलायचं तर तुम्ही पहिलं पुस्तक वाचलंत तेव्हा तुम्हाला हृदयरोग झाला होता आणि दुसरं वाचलंत तेव्हा तो मूत्रपिंडात उतरला. तिसरं ताईने लपवून ठेवलं म्हणून तुम्ही आज हयात आहात.

ताई धडधाकट आहे. मी रोज बोलते तिच्याशी. तिच्या गळ्यात काय धावतंय ते तिला कळत नाही आणि चौथ्या मजल्यावरच्या लॅबला कळतं, हे मला पटत नाही. असो. तिचं माझं काय चालतं ते आम्हा बहिणींचं. त्यात नाक खुपसू नका. आधीच लांब आहे.

डबा ताईला द्या. चमचा सपाट, शिगोशीग नाही.

तुमची एकुलती एक मेहुणी


२० जुलै

मेहुणीबाई,

तुझी ताई दुपारी झोपायला लागली आहे. जिने आयुष्यात दुपारी डोळा मिटणाऱ्या माणसाला 'आजारी आहेस का?' असं विचारलं, ती कारखान्यातून येते आणि चप्पल काढता काढता खुर्चीत झोपते. शेजारीपाजारी घामाने निथळतायत आणि ही स्वेटर घालून मला म्हणते, "पंखा बंद करा." काल भिजवलेलं कापड पिळायला तिला दोनदा थांबावं लागलं.

मी म्हटलं, चला, औषध लागू पडलं, ग्रंथी थंडावली. परत रक्त तपासलं. आकडा आहे तिथेच! ग्रंथी अजून घोड्यावर. डॉक्टरांनी तिला परत विचारलं, अजून काही घेता का; मी परत नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी गोळी दुप्पट केली. ते म्हणाले, काही ग्रंथी हट्टी असतात. मी म्हटलं, माहेरून आल्या असतील.

मी तक्ता केला आहे. लाल शाईत आकडे, निळ्या शाईत गोळ्या, हिरव्या शाईत लक्षणं. हिरव्या आणि लाल रेघा एकमेकींकडे पाठ करून चालल्यात हे मलाही दिसतं. डॉक्टरांना तक्ता दाखवला. ते म्हणाले, "सुरेख काढलाय." पण रक्त खोटं बोलत नाही. शरीराला काय वाटतं त्यावर गेलो तर तुझ्यासारखे मेळावे भरवावे लागतील.

न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके अडकतात. मीच काढतो. तिला काही बोलत नाही. बोललो तर म्हणेल, माझे केस मोजता का.

तुझी 'सर्वतेज' मी तिला देत नाही. तुला राग येईल हे गृहीत धरलेलं आहे.

तुझा भावोजी


२ ऑगस्ट

भावोजी,

राग आला. पुढे वाचा.

सुस्ती, थंडी, केस गळणं: याला आमच्याकडे शुद्धीचा काळ म्हणतात. साठलेलं विष बाहेर पडताना माणूस आधी ढासळतो, मग उभारी घेतो. आमच्या वरच्या मॅडम, 'सुवर्ण सल्लागार' आहेत त्या, म्हणाल्या की अशा वेळी घाबरून थांबायचं नसतं, उलट जोर वाढवायचा. मी माझ्या परीने ते केलंय. कसं ते विचारू नका.

तुमच्या डॉक्टरांनी काय केलं? औषध चालेना म्हणून तेच औषध दुप्पट! दाखला चुकला तर आम्ही निदान दुसरा लिहायचो. तोच दाखला दोनदा देत नव्हतो.

पण एक विचारते, आणि यात टोमणा नाही. शुक्रवारी ताईशी बोलत होते. ती मला कारखान्यातल्या मुकादमाची गंमत सांगत होती आणि मधेच थांबली. मी म्हटलं, "मग काय झालं?" ती म्हणाली, "कशाचं?" मी म्हटलं, "मुकादमाचं गं." ती म्हणाली, "कोण मुकादम?" मग आम्ही दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मला हसू आलं नाही.

तुम्ही घरात असता. नीट बघा. तक्त्यात नको, तिच्याकडे बघा.

मेहुणी


२८ ऑगस्ट

रौप्य सल्लागार बाईंस,

ताईने मंगळवारी चाळीस सदऱ्यांचं कापड एकावर एक रचून कापलं. सगळ्याच्या सगळ्या बाह्या डाव्या. आयुष्यात जिची कात्री सुताएवढी हलली नाही, ती मालकासमोर ऐंशी डाव्या बाह्या घेऊन उभी होती. मालक भला माणूस, म्हणाला, "मास्तर, आठ दिवस घरी बसा." ती घरी येऊन म्हणाली, "मला सुट्टी मिळाली," आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तिसरा रिपोर्टही तसाच, किंबहुना वाईट. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांचा खेळ पुरे. किरणोत्सारी आयोडीनचा एक डोस द्यायचा, की ग्रंथी आतल्या आत जळून कायमची बंद. मग जन्मभर रोज सकाळी एक गोळी, ग्रंथीच्या बदली. एकदा जाळली की परत उगवत नाही. तारीख ठरली आहे: २९ सप्टेंबर. ताईने सही केली. तिने काय वाचलं कोण जाणे, मी मात्र सगळं वाचलं.

आणि तू काय केलंस? तिला फोनवर सांगितलंस, "सही परत घे, मी अजून स्ट्राँग गोष्ट पाठवते." मी दारामागे उभा होतो. हो, ऐकत होतो. माझ्या घरात माझं दार आहे.

आता स्पष्ट लिहितो. तुझ्यासारख्या माणसांमुळे लोक मरतात आणि मग तुम्ही त्यांच्या घरी सांत्वनाला डबा घेऊन जाता. तुझी 'सर्वतेज' मी गॅलरीतल्या कुंडीत ओतली. झाड वाळलं. झाडाचा शुद्धीचा काळ चालू असावा. यापुढे तुझ्या मालातलं काहीही, पुडी, गोळी, बाटली, माझ्या घरात आलं तर मी ते तुझ्या मेळाव्यात व्यासपीठावर येऊन परत करीन. तीनशे माणसं उभी राहतीलच.

भावोजी


४ सप्टेंबर

भावोजी,

ठीक आहे.

लोक मारणाऱ्या बाईकडून तुमच्या घरात यापुढे काहीही येणार नाही. काहीही म्हणजे काहीही. ताईलाही तसं सांगितलंय. ती रडली. मीही. तुम्ही तक्त्यात हिरव्या शाईने लिहून ठेवा.

बहिणीची ग्रंथी जाळून झाली की कळवा. येईन. डबा न घेता येईन.

मेहुणी


२५ सप्टेंबर

मेहुणीबाई,

हे पत्र तू बसून वाच. आणि हाताशी रुमाल ठेव, पराभवाचे अश्रू पुसायला.

डोस देण्याआधीची शेवटची रक्ततपासणी काल झाली. आकडा उलटला! जी ग्रंथी चार महिने उधळली होती ती एकदम गाढ झोपलेली. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, एकदा चष्मा काढून. मग म्हणाले, "लॅबने नावं बदलली असणार." परत रक्त घेतलं. परत तेच. चार मिनिटांची वेळ असते, आम्हाला सतरा मिनिटं मिळाली!

आता मान्य कर. औषध लागू पडलं. सावकाश लागू पडलं, पण पडलं. शास्त्राला वेळ लागतो. ते तुझ्या मेळाव्यातल्या टाळीसारखं हातासरशी वाजत नाही.

डॉक्टरांनी डोस पुढे ढकलला आहे, रद्द नाही. गोळ्या थांबवल्यात. पुढच्या महिन्याच्या मध्यावर परत रक्त बघायचं, आणि आकडा पुन्हा उसळला तर मात्र लगेच त्याच आठवड्यात आयोडीन. ते म्हणाले, अशा लहरी ग्रंथीवर विश्वास ठेवता येत नाही. त्यांनी पुन्हा ताईला विचारलं, "मधे काही नवीन सुरू केलंत का, की काही बंद केलंत?" मी सांगितलं, काहीही नाही. ताई खिडकीतून बाहेर बघत होती. तिला प्रश्न कळला की नाही देव जाणे.

माफी पोस्टाने चालेल. समास आखायची गरज नाही.

तुझा विजयी भावोजी


१ ऑक्टोबर

भावोजी,

तुमचं विजयपत्र आलं तेव्हा माझ्यासमोर टेबलावर एक पुडकं होतं. सुतळी बांधलेलं, वर ताईच्या कारखान्याचा पत्ता. निघालेच होते पोस्टात टाकायला. आता त्याची सुतळी सोडून ठेवलीय आणि तुम्हाला लिहायला बसले आहे. मधे बोलू नका.

तुमच्या घरात तुम्हाला माहीत नसलेल्या गोळ्या आहेत. होत्या. केसांच्या. आमच्या कंपनीच्या 'घनकेशा'. ताई वर्षाच्या सुरुवातीपासून घेत होती, म्हणजे तुमच्या त्या पहिल्या रिपोर्टच्याही आधीपासून. भांग थोडा रुंद दिसायला लागला म्हणून. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ होती. बाटली ती तुमच्या आरोग्याच्या पुस्तकांच्या मागे ठेवायची. मी म्हटलं, सापडेल. ती म्हणाली, "तिथे धूळ आहे, म्हणजे कुणी जात नाही."

औषधाने केस आणखी गळायला लागले तेव्हा तिने मला सांगितलं, आणि मी दोनाच्या चार गोळ्या केल्या. तोच तो वाढवलेला जोर. मग तुमचं ते पत्र आलं, मी माल बंद केला, तिची बाटली संपली. आणि त्यानंतरच्या पहिल्याच तपासणीत आकडा उलटला.

परवा तिचा फोन आला. "छोटे, तेवढ्या केसांच्या तरी पाठव गं. कारखान्यात डोक्याला रुमाल बांधून बसते." म्हणून पुडकं बांधलं होतं. ते गेलं असतं तर मध्यावर आकडा परत उसळला असता का? मला माहीत नाही. तुम्हाला तरी माहीत आहे का?

वरच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "गोळीचा आणि रिपोर्टचा संबंध जोडू नकोस. आणि लेखी तर मुळीच काही देऊ नकोस, लोक घाबरतात." म्हणून लेखी देते: भावोजी, आमच्या गोळीने असं काही होऊच शकत नाही. ती अगदी निरुपद्रवी आहे. तिचा शरीरावर काहीही परिणाम होत नाही. कसलाही नाही. वर्षभर विकते आहे, एकाही गिऱ्हाइकावर झालेला मी पाहिला नाही. हे मी शपथेवर सांगते.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते परत वाचलं. तुम्ही हसा, मी थांबते.

झालं? आता तुमचं. गिऱ्हाइकाचा फ्रिज थंड करत नसला तर तुम्ही आधी थर्मोस्टॅट खोटं बोलतोय का ते बघता. तुम्हीच सांगता ते अभिमानाने, की बाकीचे चोर सरळ कॉम्प्रेसर बदलतात. ताई थंडीने कुडकुडत होती आणि तुमचा तक्ता सांगत होता की आत भट्टी पेटली आहे. तुम्ही भट्टी विझवायला निघालात.

रिकामी बाटली पुस्तकांच्या मागे असेल. ती घ्या आणि डॉक्टरांकडे जा. आजच. माफी पोस्टाने नको.

छोटी


९ ऑक्टोबर

छोटे,

बाटली सापडली. 'हृदय: रचना व कार्य' याच्या मागे. धूळ होती हे खरं आहे.

ताईला उठवून सरळ डॉक्टरांकडे नेलं. वेळ घेतलेली नव्हती, दारातली बाई म्हणाली बसा, मी बसलो नाही. बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली, त्या यकृताच्या पेपरवेटशेजारी. त्यांनी लेबल वाचलं. बायोटिन नावाचं जीवनसत्त्व, आणि तेही घोड्याला पुरेल एवढं. मग त्यांनी डोळे मिटले.

ते जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो. रक्त तपासायचं त्यांच्या लॅबचं यंत्र आकडा काढताना हेच जीवनसत्त्व डिंकासारखं वापरतं. रक्तातच त्याचा पूर आला की तो डिंक भलतीकडे चिकटतो आणि यंत्र उलटं सांगतं. कमी असेल ते जास्त, जास्त असेल ते कमी. ग्रंथी पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती. धावतबिवत नव्हती. आम्ही एका चांगल्या ग्रंथीला चार महिने गोळ्या घालून झोपवलं, केस त्यामुळे गळले, केसांसाठी तू गोळ्या वाढवल्यास, त्यामुळे आकडा चढला, आकड्यासाठी आम्ही औषध वाढवलं. एवढी सुरळीत चालणारी यंत्रणा मी माझ्या दुकानात कधी पाहिली नाही.

तर मेहुणीबाई, तुझं शपथपत्र मी नामंजूर करतो. तुझी गोळी बिनपरिणामाची आहे हा तिचा अपमान आहे. तिने एक लॅब, एक मोठा डॉक्टर आणि एक मी, तिघांना एकाच वेळी मूर्ख बनवलं. इतकं प्रभावी औषध माझ्या पाहण्यात नाही. फक्त केसांवर चालत नाही, एवढंच.

डॉक्टरांनी लॅबला फोन लावला. लॅब म्हणाली, यंत्राच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं आहे. डॉक्टर म्हणाले, ते मला कुणी दिलं? लॅब म्हणाली, तुम्ही मागितलं नाही. तुझ्या बाटलीवर लिहिलंय, 'तज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावे.' सगळे निर्दोष आहेत. आमच्याकडे दोषी माणसांची टंचाई आहे.

मी पिच्छा सोडला नाही. मी म्हटलं, "तुम्ही विचारायला हवं होतं."

ते म्हणाले, "मी विचारलं. तीनदा."

मी म्हटलं, "मी उत्तर दिलं."

ते म्हणाले, "हो. तिन्ही वेळा तुम्हीच दिलंत. मी त्यांना विचारलं होतं."

खोलीत पंखा चालू होता. ताई म्हणाली, "पंखा राहू दे."

आयोडीन रद्द. ग्रंथी आहे तिथे आहे. डॉक्टर म्हणतात, आता काहीही न देता ती आपोआप जागी होईल. तक्ता मी फाडला नाही, पण भिंतीवरून काढला.

पुडकं पोस्टात टाकू नकोस.

भावोजी


३० ऑक्टोबर

अहो आणि छोटे,

एकच पत्र दोघांना लिहिते आहे. ह्यांची प्रत उशीवर ठेवते, छोटीची पोस्टाने. आधी कोण वाचतं यावरून भांडू नका.

माझी ग्रंथी जागी झाली. मीही झाले. स्वेटर पेटीत गेला. कारखान्यात परवा पन्नास सदऱ्यांचं कापड लावलं आणि उजव्या बाह्या उजव्या निघाल्या, मालकाने मोजून घेतल्या. त्या डाव्या ऐंशी बाह्यांचं काय केलं ते मी त्याला विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. अशी माणसं असतात. गप्प बसतात आणि तरी चांगली असतात.

सगळी पत्रं वाचली. दोघांनीही जपून ठेवली होती, त्याबद्दल कौतुक. माझ्या गळ्यावर इतकं लिहिलंय की तो माझाच का ते दोनदा आरशात पाहून खात्री केली. तुम्ही दोघं फार हुशार आहात. चार महिन्यांत एकालाही वाटलं नाही की एखादं पत्र मला टाकावं. एकाशी एका घरात राहते, एकीशी रोज फोनवर बोलते, टपालखर्चही नव्हता.

तुम्ही विचारलंत, गोळ्या का लपवल्या. केस गळतात असं म्हटलं असतं तर तुम्ही मला केसाची रचना समजावली असती, आकृतीसह, आणि जेवण थंड झालं असतं. मला केस हवे होते हो, माहिती नको होती. आणि छोटे, तू वर्षभर मला विचारलंस, "गोळ्या घेतेस ना?" एकदाही विचारलं नाहीस, "केस आले का?" तुझ्या मॅडमना सांग, त्यांच्या डब्यावर आता अजून एक गुण छापा: 'बहिणीला गप्प बसवते.' तुला त्यांनी मेळाव्यातून काढलं हे कळलं. लेखी दिलंस आणि तसं त्यांना सांगितलंस, म्हणून काढलं. तेवढ्यासाठी मी इथे आमच्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. तीनशे नव्हत्या, पण भाड्याच्याही नव्हत्या.

काल दवाखान्यात गेले होते. ह्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. ते म्हणाले, "मी आत आलो तर फक्त ऐकेन." मी म्हटलं, "सराव बाहेर करा." काचेतून दिसत होते. हात मांडीवर ठेवून, दाताच्या दवाखान्यात आलेल्या मुलासारखे.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, म्हणाले, सगळं उत्तम. कपाटातलं पेन काढलं, साधं होतं. मग सवयीने विचारलं, "अजून काही घेता का?"

आणि कुणीच उत्तर दिलं नाही. इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. मला ती संपवावीशी वाटेना. मग सुरुवात केली. सकाळी उठल्यावर काय, कारखान्यात दुपारी शिवणाऱ्या बायका कुठली सुपारी फिरवतात, गुडघ्याला कुठलं तेल, पाळी थांबली तेव्हा कुणाचं ऐकून काय घेतलं आणि कुणाचं ऐकून काय सोडलं, डोळ्यांत थेंब कुठले, शेजारणीने दिलेली झोपेची अर्धी गोळी. ती घेतली नाही, पण अजून आहे माझ्याकडे. कुठे ते ह्यांना सांगणार नाही. डॉक्टर लिहीत होते. पान संपलं, त्यांनी ते उलटलं. मग घड्याळाकडे बघितलं आणि पुढच्या माणसाला बोलवायच्या घंटीकडे हात नेला.

मी म्हटलं, "बसा. माझं अजून झालेलं नाही."

तुमची दोघांची,
ताई